भूमितीची वही परत कर

आमच्या दहावीच्या वर्गाचं गेट-टुगेदर तब्बल तीस वर्षांनी जमलं. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय, दारात रांगोळी, मागच्या अंगणात वडे तळल्याचा वास. अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आत आले. डोक्यावर केस नाहीत, पोट पुढे, हातात गाडीची किल्ली. आणि आम्ही चार-पाच जणी एकदमच ओरडलो, "अगं, छत्री आला!" हा मुलगा मृग लागला की छत्री घेऊन यायचा आणि रोज ती वर्गात विसरून जायचा. छत्री आठवली, तिची वाकडी मूठ आठवली, खिडकीजवळचा त्याचा बाकही आठवला. खरं नाव मात्र कुणालाच आठवेना. दहा मिनिटं आम्ही "काय रे, कसा आहेस" करत वेळ मारून नेली. शेवटी त्यानेच ओळखलं आणि आपलं नाव सांगून टाकलं.

घरी आल्यावर मी कपाटातून ऑटोग्राफची वही काढली. गुलाबी, पिवळी, आकाशी पानं. निरोप समारंभाच्या आठवड्यात वर्गभर फिरलेली. सदतीस जणांनी तीत लिहिलं होतं आणि त्यातल्या तीसेक पानांवर 'उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा' किंवा त्याचंच एखादं भावंड. अक्षर वळणदार, खाली लफ्फेदार सही. पण लिहिणारं माणूस काही डोळ्यांपुढे येईना. एका पानावर मात्र शुभेच्छा नव्हतीच. नुसतं एवढंच होतं: 'भूमितीची वही परत कर.' ते वाचलं आणि शाईने निळी झालेली बोटं, कंपासपेटीला गुंडाळलेलं रबर आणि सतत घाईत असलेला एक मुलगा असा सगळा ऐवज समोर उभा राहिला.

चेहरा तीस वर्षं टिकतो, मग नाव का गळतं? एका ओळीत अख्खा माणूस मावतो आणि दुसऱ्या, चांगल्या घोटीव ओळीत त्याची सावलीही पडत नाही, हे कसं? स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींचा बराच माग काढला आहे.

चेहरे राहतात, नावं निसटतात

अमेरिकेतल्या शाळांमध्ये दरवर्षी 'इयरबुक' निघतं. शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, खाली नाव, बहुतेकदा एखादी ओळ. या प्रथेचं मूळ जुनं आहे. येल कॉलेजातून १८०६ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या पुस्तकात एकमेकांच्या काळ्या छायाकृती छापल्या होत्या, कारण तेव्हा कॅमेराच नव्हता. मानसशास्त्रज्ञांच्या दृष्टीने इयरबुक म्हणजे आयती उत्तरपत्रिका. एखाद्याच्या वर्गात नक्की कोण होतं, ते कसे दिसत होते, हे चाळीस वर्षांनीसुद्धा पडताळता येतं.

हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नेमका हाच उपयोग केला. त्यांनी ३९२ माणसं गोळा केली. कुणी शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं, कुणाला शाळा सोडून जवळपास अर्धं शतक झालेलं. पहिला प्रश्न सोपा: तुमच्या वर्गातल्या मुलांची आठवतील तेवढी नावं सांगा. इथे जवळजवळ सगळेच अडखळले. दुसरा प्रश्न वेगळा होता. पाच फोटो समोर ठेवले, त्यातला एक वर्गमित्राचा, बाकी परक्यांचे, तुमचा कोणता? इथे दहापैकी नऊ वेळा उत्तर बरोबर आलं आणि हे प्रमाण शाळा सोडून सुमारे पस्तीस वर्षं होईपर्यंत जवळपास तसंच राहिलं. दिलेल्या नावांतून वर्गातलं नाव ओळखायची ताकद त्याआधीच ओसरू लागलेली दिसली.

आपोआप आठवणं आणि समोर आल्यावर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरात बसून बाजाराची यादी करताना काही केल्या सुचत नाही. मंडईत मेथीची जुडी दिसली की 'अरे, हीच तर आणायची होती!' मेंदूत ती मेथी असतेच, तिच्यापर्यंत पोचायची वाट तेवढी नसते. समोरचा फोटो ती वाट दाखवतो.

पण मुळात चेहरे इतके पक्के बसतात कशामुळे? हिशेब करून बघा. पाचवी ते दहावी सहा वर्षं, वर्षाला शाळेचे दोनशेच्या वर दिवस. म्हणजे बाराशेहून अधिक दिवस तेच चाळीस-पन्नास चेहरे प्रार्थनेला, डब्याच्या सुट्टीत, पी.टी.च्या तासाला. शिवाय मध्ये दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी. सुट्टीत थोडं विसरायचं आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने ओळखायचं. एका बैठकीत घोकलेलं आठवड्यात उडून जातं. असं खंड पाडत, पुन्हा पुन्हा भेटत गेलेलं मात्र लोणच्यासारखं मुरतं. सनावळ्या आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केल्या. वर्गातले चेहरे सहा वर्षं बरणीत होते.

सुतार आणि सुतारकाम

आता नावाचं काय? इंग्लंडमध्ये १९८७ साली एक साधा आणि खट्याळ प्रयोग झाला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले. शब्द मुद्दाम दोन्हीकडे चालणारे निवडले होते. मराठीत करायचं तर एका गटाला सांगायचं, 'यांचं आडनाव सुतार'. दुसऱ्याला सांगायचं, 'हे सुतारकाम करतात'. शब्द जवळजवळ तोच, चेहराही तोच. तरी नंतर विचारलं तेव्हा व्यवसाय जास्त जणांच्या लक्षात राहिला होता.

कारण सुतारकाम म्हटलं की रंधा येतो, भुसा येतो, लाकडाचा वास येतो, कानावरची पेन्सिल येते. प्रत्येक गोष्ट म्हणजे एकेक खुंटी, आणि आठवण यांतल्या कुठल्याही खुंटीवर टांगता येते. आडनावाला खुंटी नसते. श्री. सुतार बँकेत कॅशियर असू शकतात. नाव हा एक गुळगुळीत खडा आहे, हातातून घरंगळणारा.

चिडवायची नावं इतकी टिकतात ती यामुळेच. 'छत्री' हे नाव नाहीच, ती खुंट्यांची रांग आहे: पाऊस, शाळेचा व्हरांडा, विसरभोळेपणा, शिपाईमामांची बडबड. आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं नाव कितीही सुंदर असो, त्यात त्या मुलाचं असं काहीच नसतं. ते ठेवलं तेव्हा तो बारा दिवसांचा होता. वर्गाने ठेवलेलं नाव त्याला बघून ठेवलेलं असतं.

नाक मोठं करा, चेहरा ओळखा

खुंटी कुठली निवडायची, हा पुढचा प्रश्न. इथे व्यंगचित्रकारांचा धंदा उपयोगी पडतो. सुझन ब्रेनन यांनी १९८०च्या दशकात एक संगणक-प्रोग्रॅम केला होता. कल्पना अशी: अनेक चेहऱ्यांची सरासरी काढून एक 'मधला' चेहरा तयार करायचा. मग एखाद्याचा चेहरा त्याच्याशी ताडून बघायचा. नाक सरासरीपेक्षा थोडं लांब असेल तर ते आणखी लांब करायचं, कपाळ थोडं अरुंद असेल तर आणखी अरुंद. झालं व्यंगचित्र. गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुझन केरी यांनी १९८७ मध्ये ओळखीच्या माणसांची अशी रेखाचित्रं लोकांना दाखवली. तंतोतंत काढलेल्या चित्रापेक्षा व्यंगचित्र लवकर ओळखू आलं. उलट, फरक कमी करून सरासरीकडे ढकललेलं चित्र ओळखायला सगळ्यात उशीर लागला.

म्हणजे मेंदू चेहरा जसाच्या तसा साठवत नसावा. तो 'नेहमीपेक्षा कुठे वेगळा' एवढंच टिपून ठेवत असावा. वाणी उधारीच्या वहीत जसं सगळं दुकान लिहीत नाही, फक्त बाकी लिहितो, तसं.

माझ्या मते माणसांच्या शब्दचित्राचंही हेच आहे. 'मनमिळाऊ, हुशार, कष्टाळू' हे सरासरीकडे ढकललेलं चित्र झालं. वर्गातल्या पंचवीस जणींना ते तेवढंच लागू पडतं, म्हणजे कुणालाच पडत नाही. 'ही उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, पण दुसऱ्याने चुकीचं सांगितलं की पायाने बाक हलवायची' या वाक्यात वर्गातली एकच मुलगी बसते. भूमितीच्या वहीचंही तेच. मी उसनी घेतलेली वस्तू परत न करणारी आणि तो निरोपाच्या दिवशीही हिशेब न सोडणारा. सहा शब्दांच्या आत दोघांची चित्रं आली.

वर्गाच्या ग्रुप फोटोत नेमकं हे होत नाही. खुर्च्यांवर सर आणि बाई, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं, मध्ये वर्ष आणि तुकडी लिहिलेली पाटी. फोटोग्राफरची ताकीद: हलू नका. सगळे एकसारखे गंभीर. हा फक्त आपला स्वभाव नव्हे. बर्कलेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकी शाळांच्या इयरबुकांतले १९०५ ते २०१३ या काळातले ३७,९२१ फोटो संगणकाला दाखवून ओठांच्या कडा किती वर वळल्यात ते मोजलं. सुरुवातीचे चेहरे आपल्या आजोबांच्या फोटोइतकेच ताठ, आणि दशकं सरतात तसं हसू रुंदावत गेलेलं. मुली मुलांपेक्षा पहिल्यापासून जास्त हसऱ्या. फोटोत हसायचं असतं, हेसुद्धा माणसं हळूहळू शिकली आहेत.

शेला, पागोटं आणि चिठ्ठ्यांचा डबा

आपल्याकडे इयरबुक नाही, पण एका ओळीत माणूस पकडायची आपली रीत आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला, कधी शाळेच्या निरोप समारंभातही, चिठ्ठ्यांचा डबा ठेवतात. कुणीही कुणाबद्दल निनावी ओळ लिहावी, निवेदकाने ती माइकवर वाचावी. इंग्रजी नाव फिशपॉन्ड, मराठी नाव शेलापागोटे. शेला आणि पागोटं ही मानाची वस्त्रं, समारंभात कुणाला तरी पांघरायची. इथे पांघरतात ती चिमटा काढणारी ओळ. ज्याने हे नाव दिलं त्याच्या विनोदबुद्धीला मी मनातल्या मनात शेला-पागोटंच देऊन टाकते.

बहुतेक वेळा आधी ओळ वाचतात, नाव मागाहून. मधल्या दोन-तीन सेकंदांत अख्खं सभागृह मनातल्या मनात उत्तर शोधत असतं. या क्षणात स्मृतीची एक युक्ती दडलेली आहे. स्लामेका आणि ग्राफ या दोघांनी १९७८ मध्ये दाखवलं की नुसता वाचलेला शब्द जितका लक्षात राहतो, त्यापेक्षा अर्धवट खुणेवरून स्वतः शोधून काढलेला शब्द जास्त राहतो. आयतं वाढलेलं ताट आणि स्वतः रांधलेली भाजी, असा फरक. शेलापागोट्यात प्रत्येक जण नाव स्वतः रांधतो, आणि वर हशाची फोडणी बसते. मग ती ओळ जन्मभर पुसली जात नाही.

या टिकाऊपणाची दुसरी बाजू मला गेट-टुगेदरच्या दिवशी दिसली. आमच्या समारंभात एका मुलीच्या उंचीवर एक चिठ्ठी आली होती. सगळा वर्ग पोट धरून हसला होता. तीस वर्षांनी जेवताना तिने ती ओळ मला म्हणून दाखवली, अक्षरन् अक्षर, हसत हसत. "कुणी लिहिली होती देव जाणे," ती म्हणाली. मी लिहिली होती. मी पानातली कोशिंबीर संपवली आणि काही बोलले नाही.

चेहऱ्याचं व्यंगचित्र काढायला वैगुण्य लागतं असं मुळीच नाही, 'वेगळं' लागतं. उंची, रंग, तोतरेपणा, घरची गरिबी, आडनावावरून कळणारी जात हे सगळ्यात आधी दिसतं, म्हणून आळशी लिहिणाऱ्याच्या हाती तेच लागतं. ते माणसाने निवडलेलं नसतं. छत्री विसरणं ही त्याची स्वतःची कमाई होती. उंची तिची नव्हती.

> चौकट: चिठ्ठी लिहिण्यापूर्वी
>
> ओळ लिहून झाली की तीत दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघा. तरीही चालत असेल तर फाडून टाका.
>
> विशेषण सुचलं की स्वतःला विचारा, 'म्हणजे नेमकं काय करायचा?' जे उत्तर येईल ते लिहा. 'मदत करणारा' पेक्षा 'स्वतःच्या पेनाची रिफिल काढून देणारा'.
>
> सवयीवर लिहा, शरीरावर, घरावर, जातीवर नको.
>
> ही ओळ ती व्यक्ती तीस वर्षांनी आपल्या मुलांसमोर वाचेल, असं धरून चाला. कारण वाचते.

सोळाव्या वर्षाचा उंचवटा

वय झालेल्या माणसांना एखादा साधा शब्द द्यायचा, 'नदी' किंवा 'सायकल', आणि त्यावरून सुचेल ती आयुष्यातली आठवण सांगायला सांगायची. अशा शेकडो आठवणी वयानुसार मांडल्या तर आलेख सपाट येत नाही. अलीकडच्या आठवणी भरपूर असतात, हे समजण्यासारखं आहे. पण साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे एक उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तो नीट मांडून दाखवला.

त्याची कारणं अनेक सांगतात. या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी फार: पहिली एकटीने केलेली एस.टी., पहिलं नापास होणं, पहिली चिठ्ठी. रोजच्या रस्त्यावरचा प्रत्येक खांब लक्षात राहत नाही, वळण राहतं. रुबिन आणि रॉबर्ट श्राउफ यांनी १९९८ मध्ये परदेशी जाऊन स्थायिक झालेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा जे तिशीनंतर देश सोडून गेले त्यांचा उंचवटा स्थलांतराच्या वयाकडे सरकलेला दिसला. म्हणजे सोळाव्या वर्षातच काही जादू आहे असं नव्हे. आयुष्य जिथे वळतं तिथे आठवणींची गर्दी होते. आपल्याकडे बहुतेकांचं पहिलं मोठं वळण दहावीनंतर येतं. तोवर एकत्र असलेला वर्ग त्या जूनमध्ये सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, आयटीआय, शेती आणि लग्न अशा दिशांना फुटतो.

शेवटच्या महिन्यात सगळेच बरे का वाटतात?

दोन वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्याच्या वहीत निरोपाच्या दिवशी आपण पान भरून लिहितो. ढोंग म्हणावं का याला? मला नाही वाटत.

डॅनिअल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच मिनिट, आणि त्यावर आणखी अर्धा मिनिट. फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूच १५ अंशांपर्यंत आणलं. तिसऱ्यांदा कोणता प्रकार करायचा असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला. एकूण त्रास जास्त, तरी शेवट किंचित सुसह्य. मेंदू अनुभवाची बेरीज करत नाही, तो कळस आणि शेवट बघून भाव ठरवतो. निरोप समारंभ म्हणजे शाळेच्या पाण्याला शेवटी दिलेली ती एक अंशाची ऊब.

दुसरं असं की वेळ संपत आली हे कळलं की नजरच बदलते. व्हर्जिनिया विद्यापीठात जेमी कुर्ट्झ यांनी पदवीला सहाएक आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजबद्दल लिहायला सांगितलं. काहींना 'आता फार थोडा वेळ उरलाय' असं भासवलं, काहींना 'अजून बराच आहे' असं. २००८ मध्ये छापलेल्या या अभ्यासात पहिला गट त्या दिवसांत जास्त आनंदी झाला आणि कॉलेजातल्या गोष्टींत जास्त भाग घेऊ लागला. फेब्रुवारीतला दहावीचा वर्ग ज्याने पाहिलाय त्याला हे पटायला अभ्यास लागणार नाही. वर्षभर डबा लपवून खाणारा मुलगा त्या महिन्यात स्वतःहून डबा पुढे करतो.

आणि नंतरची वर्षं उरलेलं काम करतात. वाईट प्रसंगांची बोच चांगल्या प्रसंगांच्या गोडीपेक्षा लवकर बोथट होते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. प्रसंग लक्षात राहतो, त्यातलं विष उतरतं. चारचौघांत सांगून सांगून तर आणखीच. छडीचे वळ आज आम्ही कौतुकाने सांगतो. पण उंचीवरची ती चिठ्ठी सांगताना तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं होतं का, हे मी नीट बघितलं नाही.

भूमितीची वही आईच्या ट्रंकेत सापडली, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली. तो गेट-टुगेदरला आला नव्हता. कुणाकडून तरी पत्ता मिळवला आणि वही कुरियरने पाठवून दिली. चार दिवसांनी पोच म्हणून मेसेज आला. ना नमस्कार, ना आभार.

'शेवटची दोन पानं कुठायत?'